मुक्काम आधी, किलोमीटर नंतर

चौदाव्या शतकात दिल्लीहून दौलताबादला पोचायला चाळीस दिवस लागत, असं इब्न बतूताने लिहून ठेवलं आहे. महंमद तुघलकाने 1327 मध्ये राजधानी आपल्या छत्रपती संभाजीनगरशेजारच्या देवगिरीच्या, म्हणजेच दौलताबादच्या, पायथ्याशी आणली. तो बेत फसला, राजधानी परत गेली, पण त्या निमित्ताने रस्त्याची सोय मात्र झाली. 1340 नंतर हा मोरोक्कोचा प्रवासी याच वाटेने उज्जैनहून दौलताबादेत आला आणि पुढे नंदुरबारमार्गे खंबायतला गेला. रस्त्याच्या दोन्ही अंगांना बाग वाटावी इतकी झाडी, थोड्या थोड्या अंतरावर टपालाच्या जासुदांच्या चौक्या आणि वाटसरूला लागेल ते वाटेतच मिळण्याची सोय, असं त्याचं वर्णन आहे. आजच्या रस्त्याने हे अंतर अकराशे ते बाराशे किलोमीटर भरतं. चाळिसाने भागलं की रोजचे तीस.

असाच मुक्कामांचा हिशोब दरवर्षी आषाढी वारीत आपल्या डोळ्यांसमोरून चालत जातो. ज्ञानेश्वर माउलींची पालखी आळंदी ते पंढरपूर हे सुमारे अडीचशे किलोमीटरचं अंतर अडीच-तीन आठवड्यांत कापते. पैठणहून नाथांची पालखी निघते, तिचीही रीत तीच. पालखीचं छापील वेळापत्रक कधी नीट वाचून पाहा. त्यात ठळक असतं ते मुक्कामाचं गाव आणि दुपारचा विसावा. पुणे ते सासवड हा दिवेघाटाचा टप्पा सगळ्यात लांब आणि दमवणारा, म्हणून सासवडला दोन रात्री मुक्काम ठेवलेला असतो. मोठ्या चढानंतर एक दिवस विश्रांती हा नियम आजचे सायकल प्रशिक्षक शिकवतात; वारीने तो कधीच वेळापत्रकात बसवून टाकला आहे.

देशाच्या एका भागातून दुसऱ्या भागात निवांत सायकलने जायचं असेल तर नियोजनाची सुरुवात इथूनच करावी. आधी मुक्काम ठरवायचे, किलोमीटर त्यातून आपोआप निघतात. बहुतेक जण उलटं करतात. नकाशावर दोन टोकं धरतात, एकूण अंतराला हाताशी असलेल्या रजेच्या दिवसांनी भागतात आणि रोजचे शंभर-सव्वाशे असा आकडा काढून बसतात. असा आकडा पहिल्या घाटातच मोडतो, आणि मोडला की सहलीचा उरलेला काळ तूट भरून काढण्यात जातो.

वेगाने जाणाऱ्यांबद्दल मला आदरच आहे. नाशिकच्या ओम महाजनने 2020 च्या नोव्हेंबरमध्ये, वयाच्या सतराव्या वर्षी, श्रीनगर ते कन्याकुमारी हे अंतर आठ दिवस आणि काही तासांत कापलं. त्याचे वडील डॉ. हितेंद्र आणि काका डॉ. महेंद्र महाजन यांनी 2015 मध्ये अमेरिका आडवी पार करण्याची शर्यत दोघांच्या चमूत पूर्ण केली होती. पुण्याची वेदांगी कुलकर्णी 2018 मध्ये सायकलने जगप्रदक्षिणा करून आली. पण शर्यतीचं नियोजन म्हणजे थांबणं कसं टाळायचं याचं नियोजन. मागे बहुतेक वेळा गाडी असते, गाडीत माणसं असतात, झोपेचेही तास मोजलेले असतात. आपल्याला नेमकं थांबायचंच आहे, त्यामुळे त्यांचं वेळापत्रक आपल्या कामाचं नाही.

आपल्या कामाचे लोक दुसरे आहेत. 15 ऑक्टोबर 1923 रोजी मुंबईतून सहा पारशी तरुण सायकलवर जग पाहायला निघाले. त्यांपैकी आदी हकीम, जाल बापासोला आणि रुस्तम भुमगरा हे तिघे मार्च 1928 मध्ये मुंबईत परत आले. चव्वेचाळीस हजार मैल, म्हणजे जवळजवळ एकाहत्तर हजार किलोमीटर. वाळवंटं, डोंगर, जंगलं सगळं पार केलेल्या या पठ्ठ्यांची सरासरी काढली तर रोजची पंचेचाळीस किलोमीटरच्याही आतच येते. जगाला वळसा पंचेचाळिसात होत असेल तर आपल्याला साठ पुष्कळ झाले. मी आकडा साठच सांगतो. सपाटीवर, वारा पाठीशी असला तर पंच्याहत्तर. घाट असला तर चाळीस. आणि सहा दिवसांनंतर सातवा दिवस शून्य.

साठच का, याचं थोडं शास्त्रही आहे. सामान लादलेली सायकल सपाट रस्त्यावर आरामात ताशी पंधराच्या वेगाने चालते. हवेचा विरोध वेगाच्या वर्गाच्या प्रमाणात वाढतो. पंधराचा वेग पंचवीस केला तर हा विरोध जवळपास पावणेतीन पट होतो, आणि त्यावर मात करायला लागणारी ताकद साडेचार पटींहून जास्त. म्हणजे तासाभरात दहा किलोमीटर जास्त पदरात पडतात, पण पायांतला दम भलताच खर्ची पडतो. पंधराच्या वेगाने साठ किलोमीटर म्हणजे चार तास पॅडल मारणं. सकाळी सहाला निघालात, चहा-नाश्ता, फोटो, एखादं देऊळ आणि एखादी गप्पिष्ट टपरी धरली तरी दुपारी बारा-साडेबाराला मुक्कामावर. उरलेला अर्धा दिवस त्या गावाचा. सहल त्यासाठीच तर काढलेली असते.

समोरून वारा असेल तर वरचं गणित तुमच्या इच्छेविना लागू होतं. तुम्ही पंधरानेच चाललात आणि समोरून ताशी दहाचा वारा असला, तर अंगावर येणारी हवा पंचवीसचीच असते. घाट निदान संपतो तरी. वारा दिवसभर संपत नाही. म्हणून दिशा आणि ऋतू एकत्रच ठरवावे लागतात. दख्खनच्या पठारावर हिवाळ्यात वारा साधारण ईशान्येकडून आणि पूर्वेकडून येतो, पावसाळ्यात पश्चिमेकडून आणि नैऋत्येकडून. याचा आपल्या शहरातल्या माणसाला सोयीचा अर्थ असा, की थंडीत दक्षिणेकडे जावं. उत्तरेचीच ओढ असेल तर जाताना रेल्वेने जावं आणि येताना सायकलने यावं. नांदेड-अमृतसर सचखंड एक्सप्रेस आपल्या स्टेशनावर थांबते. सायकल पार्सलने पाठवून तिकडून खाली उतरत आलात तर वारा बहुतेक दिवस पाठीशी राहील. फक्त डिसेंबरचा शेवट आणि जानेवारी टाळा. त्या दिवसांत पंजाबपासून गंगेच्या मैदानापर्यंत असं दाट धुकं पडतं की मागचा ट्रक दिसत नाही आणि ट्रकला तुम्ही दिसत नाही.

दक्षिणेचं वेळापत्रक दुसऱ्याच पावसावर अवलंबून असतं. आपला पाऊस ऑक्टोबरात आटोपतो, पण तमिळनाडूचा मुख्य पाऊस ऑक्टोबर ते डिसेंबर असा ईशान्य मोसमी वाऱ्यांबरोबर येतो. दिवाळी झाली की लगेच निघावंसं वाटतं. तेव्हा निघालात तर तिकडे नेमके पावसात सापडाल. डिसेंबरच्या तिसऱ्या आठवड्यात निघा. मराठवाड्यात पहाटे कडाक्याची थंडी असेल, शेतांवर हुरड्याच्या आगट्या पेटलेल्या असतील, आणि तुम्ही सेलम-मदुराईकडे पोचाल तेव्हा पाऊस उघडलेला असेल. जानेवारीच्या मध्यावर तिकडे पोंगल असतो. त्या तीन-चार दिवसांची खोली मात्र आधी फोन करून ठेवा.

आता वाट. समृद्धी महामार्ग शहराला खेटून जातो म्हणून कुणी त्याचं स्वप्न बघू नये. तिथे सायकललाच काय, मोटारसायकललाही प्रवेश नाही. आपला रस्ता 52 क्रमांकाचा राष्ट्रीय महामार्ग. पंजाबात संगरूरला सुरू होणारा हा रस्ता जयपूर, इंदूर, धुळे करत कन्नडचा घाट चढून आपल्याकडे येतो आणि बीड, धाराशिव, सोलापूर, विजयपूर, हुबळीवरून थेट कर्नाटकच्या किनाऱ्यावर अंकोल्याला संपतो. ज्यांच्याकडे दोनच आठवड्यांची रजा आहे त्यांनी अंकोला गाठावा. हे अंतर साडेसातशेच्या आसपास भरतं, आणि शेवटी यल्लापूरच्या जंगलातून अरबैल घाट उतरून समुद्र दिसतो. महिना-सव्वा महिना असेल तर कन्याकुमारी. सोलापूर, विजयपूर, होसपेट, चित्रदुर्ग, मग बेंगळूरूच्या गर्दीला बाहेरून वळसा घालून होसूर, कृष्णगिरी, सेलम, दिंडिगल, मदुराई, तिरुनेलवेली. सगळं मिळून सोळाशे-सतराशे किलोमीटर. साठाने भागा, आठवड्याचा एक सुट्टीचा दिवस धरा, हंपीला दोन दिवस जास्त द्या. सदतीस-अडतीस दिवस लागले तर कुठे काही बिघडत नाही.

पहिले तीन दिवस मुद्दाम हलके ठेवावेत. शरीर, सायकल आणि सामान या तिघांची एकमेकांशी अजून ओळख व्हायची असते. म्हणून मी बीडचा थेट रस्ता न सांगता पहिला मुक्काम पैठणला सांगतो. अंतर पन्नास किलोमीटर, रस्ता सपाट. दुपारी नाथांच्या वाड्यात आणि समाधीवर जाऊन संध्याकाळी जायकवाडीच्या जलाशयावर पक्षी बघत बसावं. थंडीत तिथे परदेशी पाहुणे उतरलेले असतात. काही विसरलं असेल, काही खुपत असेल, तर घर तासा-दीड तासाच्या एसटीवर आहे. दुसऱ्या दिवशी पाचोडला महामार्ग धरायचा, शहागडला गोदावरी ओलांडायची आणि गेवराई. तिसऱ्या दिवशी बीड, तेही दुपारच्या आत.

बीडनंतर खरी परीक्षा. मांजरसुंब्याचा घाट चढला की तुम्ही बालाघाटच्या डोंगरावर येता. मग चौसाळा, येरमाळा, धाराशिव असा वरखाली होणारा माळ, तुळजापूर, आणि तिथून घाट उतरून सोलापूर. चढाची भीती घालवायला एक ढोबळ हिशोब उपयोगी पडतो. माणूस, सायकल आणि सामान मिळून शंभर किलो धरा. हे वजन शंभर मीटर उंच चढवायला शरीराला सपाटीपेक्षा साधारण शंभर किलोकॅलरी जास्त लागतात, म्हणजे एक केळं. अडीचशे मीटरांचा घाट म्हणजे अडीच केळी. घाटात दम लागतो तो बहुतेक वेळा चढापेक्षा चुकीच्या गिअरचा असतो. पुढची सर्वांत लहान चकती अठ्ठावीस दात्यांची आणि मागची सर्वांत मोठी चौतीस दात्यांची असली, तर पॅडलच्या एका फेऱ्यात सायकल पावणेदोन मीटर सरकते. मिनिटाला साठ फेरे मारले की ताशी सहा-साडेसहाचा वेग. पायी चालणाऱ्यापेक्षा थोडा जास्त. एवढ्या वेगाने मांजरसुंबाही चढतो आणि गुडघेही शाबूत राहतात.

सराव इथल्या इथे होतो. शहर समुद्रसपाटीपासून साधारण पावणेसहाशे मीटरांवर आहे आणि म्हैसमाळ हजाराच्या थोडं वर. शहरातून निघून, दौलताबादच्या जुन्या दरवाजातून पुढे खुलताबादचा घाट चढून म्हैसमाळपर्यंत गेलात की चाळीस किलोमीटरांत साडेचारशेहून जास्त मीटरांची चढाई होते. पण सामान लादून जा. रिकाम्या सायकलवरचा सराव फसवा असतो. लादलेली सायकल वळणावर वेगळी झुकते, उतारावर ब्रेकला वेगळी ऐकते आणि उभं राहून पॅडल मारलं तर मागचं कॅरिअर तुमच्याआधी डोलायला लागतं. दोन महिने दर रविवारी वेरूळ किंवा म्हैसमाळ, आणि निघण्याआधी एकदा शनिवार-रविवार जोडून पैठणला जाऊन-येऊन. यापेक्षा जास्त तयारी साठ किलोमीटरवाल्याला लागत नाही. बसण्याच्या जागेचं दुखणं मात्र पहिल्या आठवड्यात कुणालाच चुकत नाही. त्यावर जाड गादीची सीट हा उपाय नाही. ती उलट जास्त घासते.

सायकल महाग हवी असं नाही, रस्त्यात दुरुस्त होणारी हवी. पोलादी फ्रेम, मागे मजबूत कॅरिअर, बत्तीस ते अडतीस मिलिमीटर रुंदीचे टायर आणि मडगार्ड. एका बारीक गोष्टीकडे मात्र दुकानात कुणी लक्ष वेधत नाही, ती म्हणजे ट्यूबचा व्हॉल्व. रेसिंगच्या सायकलींना जो सडपातळ, पितळी टोकाचा प्रेस्टा व्हॉल्व असतो, त्यात आपल्या तालुक्याच्या पंक्चरवाल्याला हवा भरता येत नाही. त्याचा कॉम्प्रेसर मोटारसायकलच्या व्हॉल्वला बसतो. तेव्हा ट्यूब मोटारसायकलसारख्या व्हॉल्वच्या घ्या, किंवा पाच-दहा रुपयांच्या नाण्याहून लहान असलेला तो पितळी अडॅप्टर दोन-तीन नग जवळ ठेवा. येरमाळ्याच्या माळावर त्याची किंमत कळते.

पंक्चर होणारच, आणि ते काढायला शिकणं ही सहलीची खरी पूर्वतयारी. पहिला शत्रू बाभळीचा काटा. शेतावर कुंपण घालायला नेलेल्या फांद्या रस्त्यावर सांडतात आणि सायकल कडेला घेतली की काटा लागतो. दुसरा शत्रू महामार्गावरचा. ट्रकचे टायर फुटतात, त्यांतल्या पोलादी तारांचे केसाएवढे तुकडे कडेच्या पांढऱ्या पट्टीपलीकडे, नेमके सायकलच्या वाटेवर पडून राहतात. काटा दिसतो तरी, तार दिसत नाही. ट्यूब काढली, पाण्यात बुडवून बुडबुडे पाहिले, कानशीने घासून सोल्यूशन लावलं, ते वाळू दिलं, पॅच दाबला, एवढं सगळ्यांना येतं. ट्यूब परत घालण्यापूर्वीचं काम लोक विसरतात. टायर उलटा करून आतल्या बाजूने जुन्या सुती फडक्याचा बोळा पूर्ण फिरवायचा. तार जिथे अडकलेली असेल तिथे फडक्याचा धागा ओढला जातो. बोटाने तपासलंत तर बोट कापतं. धागा अडकला की तिथे नेलकटरने ती तार उपटायची. हे केलं नाही तर दहा किलोमीटरांवर तीच तार नव्या पॅचच्या शेजारी नवं भोक पाडते आणि शिव्या सोल्यूशनला बसतात.

मागच्या चाकाचे स्पोक हा दुसरा विषय. ओझं मागे असल्याने ते तिथेच तुटतात, आणि बहुधा चेनच्या बाजूचे. आपल्या चाकाच्या मापाचे पाच-सहा स्पोक फ्रेमच्या दांडीला टेपने बांधून ठेवा. एक तुटला तर चाक आऊट होतं, पण पुढच्या गावापर्यंत हळूहळू जाता येतं. तिथल्या साध्या सायकलवाल्याला गिअर कदाचित समजणार नाहीत. आऊट मात्र तो तुमच्या शहरातल्या चकचकीत दुकानापेक्षा चांगला काढून देईल, हे मी पैजेवर सांगतो. मग जास्तीचे ब्रेक शू, दोन ट्यूब, पंक्चरचं सामान, अ‍ॅलन पाने, चेनची एक कडी आणि तेलाची छोटी बाटली. हत्यारं संपली.

कपडे दोन जोड, एक अंगात आणि एक दोरीवर. पहाटेसाठी कानटोपी आणि विंडचीटर. एक पातळ चादर, चार्जर, टॉर्च, औषधं, आधार कार्ड आणि त्याच्या दोन झेरॉक्स. सगळं मिळून बारा किलोच्या वर जाऊ देऊ नका. तंबू घ्यावा का, यावर सायकलवाल्यांत कायम भांडणं होतात. या वाटेवर साठ किलोमीटरांत तालुक्याचं गाव लागत नाही असं क्वचितच घडतं. मी तंबू नेणार नाही.

मुक्कामाच्या जागा शोधताना एसटी स्टँडपासून सुरुवात करावी. पाणी, स्वच्छतागृह, कँटीन आणि आजूबाजूला दोन-तीन लॉज हे सगळं तिथे एकत्र असतं. तुळजापूरसारख्या क्षेत्री भक्तनिवास असतात, स्वस्त आणि बहुतेक ठिकाणी स्वच्छ. पण बऱ्याच भक्तनिवासांत आणि धर्मशाळांत एकट्या माणसाला खोली देत नाहीत, हे आधी माहीत असलेलं बरं. एकट्या बाईला तर काही लॉजवालेही टाळतात. म्हणून आदल्या संध्याकाळी फोन करून, सायकलवर आहे हे सांगून, होकार घेऊनच निघावं. आणि सायकल खोलीत नेऊ देणार का, हे त्याच फोनवर विचारावं. तळमजल्यावरची खोली मिळाली तर एक मजला सायकल खांद्यावर न्यायचं वाचतं.

रोजच्या पॅडलिंगला दीडेक हजार किलोकॅलरी जास्त लागतात, आणि त्या या वाटेवर आनंदाने मिळतात. सकाळी पोहे, मग केळी, गूळ-शेंगदाणे, रस्त्यात सीताफळाचा हंगाम उलटून गेलेला असला तरी बोरं आणि पेरू असतातच. सोलापुरात कडक भाकरी आणि शेंगाचटणी बांधून घ्या. दोन्ही चार-पाच दिवस टिकतात. टाकळीजवळ भीमा ओलांडून कर्नाटकात शिरलात की तीच ज्वारीची कडक भाकरी नाव बदलून पुन्हा ताटात येते. थंडीत घाम वाळून जातो आणि तहान कळत नाही, त्यामुळे पाणी घड्याळ पाहून प्या. लिटरभर पाण्यात सहा सपाट चमचे साखर आणि अर्धा चमचा मीठ, वर लिंबू. पाकिटातल्या महागड्या पावडरी यापेक्षा वेगळं फारसं काही करत नाहीत.

धोक्यांत पहिला नंबर उसाच्या ट्रॅक्टरचा. तुम्ही ज्या दिवसांत निघाल ते गाळपाचे दिवस. बीड जिल्ह्यातून कोयते घेऊन गेलेल्या तोडणी कामगारांच्या टोळ्या सगळीकडे पांगलेल्या असतात आणि धाराशिव-सोलापूर पट्ट्यात एका ट्रॅक्टरमागे दोन-दोन ट्रॉल्या, दोन्ही बाजूंना ऊस बाहेर आलेला, मागे दिवा नाही आणि पुढे मोठ्याने गाणी. चालकाला तुमची घंटी ऐकू येणं शक्य नाही. तो ओलांडून जाईपर्यंत सरळ खाली उतरून थांबावं. अंधारात सायकल चालवायचीच नाही, हा नियम या एका कारणासाठीही पाळावा. पुढे तमिळनाडूत धर्मपुरी आणि सेलमच्या मध्ये तोप्पूरचा उतार लागतो. ट्रकांच्या अपघातांसाठी तो कुप्रसिद्ध आहे. तिथे डावी कडा सोडू नका, ब्रेक सलग दाबून न ठेवता सोडत-दाबत उतरा. महामार्गावर मदतीला 1033 आणि कुठेही 112 हे दोन क्रमांक फोनमध्ये असू द्या.

कुत्रं मागे लागलं तर पळू नका. उतरा, सायकल मध्ये धरा आणि चालत पुढे जा. धावणारी गोष्ट थांबली की त्याचा रस संपतो. चावलंच तर जखम पंधरा मिनिटं साबणाने वाहत्या पाण्याखाली धुवायची आणि त्याच दिवशी सरकारी दवाखान्यात लस सुरू करायची. इथे निवांतपणा चालत नाही.

शेवटच्या टप्प्यात, तिरुनेलवेलीच्या पुढे मुप्पंदलला पवनचक्क्यांचं रान लागतं. पावसाळ्यात तिथला वारा सायकलस्वाराला आडवा करू शकतो. जानेवारीअखेरीस तो पुष्कळ नरमलेला असतो. तिथून कन्याकुमारी एका सकाळच्या आत.

परतीचं तिकीट मात्र निघण्याआधी काढू नका. ठरलेली तारीख मानगुटीवर बसली की साठाचे नव्वद व्हायला वेळ लागत नाही. मदुराईला पोचल्यावर दिवस मोजून मग काढावं. कन्याकुमारीहून पुण्याला थेट गाडी आहे. सायकल पार्सल ऑफिसात गाडी सुटण्याच्या बऱ्याच आधी न्यावी, हँडल वळवून, पॅडल काढून, फ्रेमला पुठ्ठा आणि गोणपाट गुंडाळून, वर नाव, मोबाइल आणि उतरण्याचं स्टेशन मोठ्या अक्षरांत लिहून. पुण्याहून आपलं शहर अहिल्यानगरमार्गे सव्वादोनशे-अडीचशे किलोमीटर आहे. ट्रॅव्हल्सने एक रात्र, आपल्या हिशोबाने चार दिवस. रजा शिल्लक असेल तर पॅडल परत बसवा.